आमचं गाव हिरवं निघालं

आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या खारपाणपट्ट्यातलं. खारपाणपट्टा म्हणजे काय ते लांबच्या लोकांना समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. जमीन काळी, लोण्यासारखी. पण खाली खोदलं की पाणी खारट. त्यात साबणाला फेस येत नाही, केसांचा काथ्या होतो, आणि तुरीची डाळ टाकली तर दुपारपर्यंत पातेल्यात दाणे खडखडत राहतात. चहाचं तर विचारूच नका. दूध फाटतं.

म्हणून आमच्याकडे घरोघर दोन पाणी. हातपंपाचं खारं, धुण्याभांड्याला. आणि गोडं, ते नाल्यापलीकडे दुसऱ्या गावाच्या शिवारात एक विहीर आहे तिचं. जाऊन-येऊन एक कोस. त्यातली एक पितळी घागर फक्त पाहुण्यांची. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं मला त्या घागरीपुढे उभं करून सांगितलं होतं, "घरचे मेले तरी चालतीन, पाहुण्याच्या तोंडी खारं लागू देऊ नको." मुलगी पाहायला कोणी आलं की अख्ख्या गल्लीचं गोडं पाणी त्या एका घरी गोळा व्हायचं. पाहुणे पाणी पिऊन खूश, सोयरीक पक्की. खरं काय ते पोरीला लग्नानंतर कळे. मलाही तसंच कळलं.

आता सर्वेचं सांगते. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांत आमच्याकडे पिकापेक्षा सर्वे जास्त पिकत होते. कोणी घर मोजून जाई, कोणी ढोरं मोजी, कोणी आम्हाला किती दुःख होतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हणे. मी एकदा सात सांगितले, तर म्हणाला, सात बसत नाही.

त्यातच उन्हाळ्यात एक जण पाण्याच्या सर्वेला आला. चाळिशीचा, डोक्याला टोपी, गळ्यात फोन, हातात थर्मामीटरसारखी कांडी. कांडी पाण्यात बुडवायची, आकडा फोनात जातो, आणि आपण उभे असू ती जागा फोनच आभाळाला विचारून घेतो. पाणी गोड असलं तर नकाशावर हिरवं टिंब, खारं असलं तर लाल. ज्या गावाची टिंबं लाल, तिथे धरणावरून गोड्या पाण्याचा नळ. एवढी सोपी गोष्ट. पण ती तो सांगणार कोणाला? सरपंचाला. आणि सरपंच त्या दिवशी लग्नाला गेलेला.

भर बारा वाजता तो माझ्या दारात आला. हातपंप माझ्या दारासमोरच आहे. दोनचार हिसके मारले आणि पाणी वर यायच्या आधीच दम लागून ओट्यावर बसला. म्हणाला, "आजी, हातपंपाचं एक ग्लास पाणी द्या."

आता मला सांगा, उन्हानं लाल झालेला माणूस दारात पाणी मागतो. मी काय त्याला खारं देऊ? घरात गेले, पितळी घागरीतलं दिलं. त्यानं आधी कांडी बुडवली. मला वाटलं, शहरातले लोक, ढवळून पीत असतील.

"हातपंपाचंच न, आजी?"

"होय न बाप्पा. प्या."

दुसऱ्या गावाहून आणलं म्हणून पाहुण्याला कोणी सांगतं का? तो घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "वा!" तसाच गल्लीतल्या प्रत्येक घरी गेला. प्रत्येक घरी एक पितळी घागर होतीच.

जाताना त्यानं गावातल्या पाच बायांना मनगटावर बांधायची पाच घड्याळं दिली. वेळ दाखवणारी नाहीत, चालणं मोजणारी. बाई पाण्यासाठी कुठून कुठवर जाते ते त्यात उमटतं. "सात दिवस काढायचं नाही. महाग आहे, सांभाळा," म्हणाला. त्यातलं महाग आहे एवढंच आमच्या कानात राहिलं. आमच्या घरी ते सुनेला मिळालं. तिनं बांधलं, तर मीच ओरडले, "काढ व माय! विहिरीच्या दोरानं घासून काच फुटली तं भरून कोण देईन?" आणि कपाटात, सोन्याच्या पोतीशेजारी, रुमालात गुंडाळून ठेवलं. शेजारच्या भाभीनं तिचं भिंतीवर खिळ्याला लटकवलं. आणखी एकीच्या नवऱ्यानं ते स्वतःच्या मनगटावर चढवून अकोल्याचा बाजार केला. सातव्या दिवशी आम्ही पाचही घड्याळं पुसून, नव्यासारखी परत केली.

दिवाळीच्या आधी नळाच्या गावांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. आजूबाजूची सगळी गावं होती. आमचं नव्हतं.

तेव्हा सुनेला पाचवा महिना. माझा मुलगा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्याला एकदा येतो. माझे गुडघे हे असे. पाणी तिच्याच डोक्यावर. आणि मी तोंडाची फटकळ, ती उशिरा आली की म्हणायची, "कुठं गप्पा ठोकत बसते व? विहीर काय अमरावतीले गेली?" ती हंडा उतरवून कमरेला हात लावे, बस.

पण यादीत नाव नाही म्हणजे ही पोर पोट घेऊनही खेपेला कोसभर चालणार, आणि मूल झाल्यावर मूल घेऊन चालणार, हे मला दिसलं. मी एका डब्यात डाळ घेतली, हातपंपाच्या पाण्यात तीन तास उकळलेली, आणि एसटीनं अमरावतीचं ऑफिस गाठलं.

साहेब चांगला होता. त्यानं आधी मला थंड पाणी दिलं, मग कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "आजी, तुमचं गाव हिरवं आहे."

"साहेब, हिरवं असतं तं कपाशी नसती का जगली?"

"पाण्याबद्दल बोलतोय मी. सगळे नमुने गोड आहेत. आणि हे पाहा, तुमच्या बाया पाण्यासाठी घराबाहेर पाऊलही टाकत नाहीत." मग जरा पुढे वाकून म्हणाला, "एक बाई मात्र अकोल्याला जाऊन येते. तिचं काही कळलं नाही."

मी डबा उघडला. त्यानं एक दाणा दाताखाली धरला. कट्‌ आवाज झाला.

"शिजली नाही," तो म्हणाला.

"तीन घंटे झाले. लिहून घ्या."

त्यानं खरंच शोधलं, बिचाऱ्यानं. खाली-वर करून पाहिलं. "डाळीचा रकाना नाही, आजी."

मग मात्र मला बोलावंच लागलं. आयुष्यात पोलिसापुढेही गेले नव्हते, पण त्या टेबलापुढे कबुली दिली. "ते पाणी हातपंपाचं नोतं. मी खोटं बोलली."

"काहून?" साहेबही वऱ्हाडातलाच निघाला.

"तो पाहुणा होता न."

साहेबानं डब्याला झाकण लावलं. मग म्हणाला, "माझी आईही तुमच्याच पट्ट्यातली." आणि फेरतपासणीचा कागद काढला.

थंडीत तोच माणूस पुन्हा आला. वरून बोलणी खाऊन आला असावा, कारण ओट्यावर बसलाच नाही. मी त्याला बसवलं आणि हातपंपाच्या पाण्याचा चहा ठेवला. दूध घातलं तसं ते फाटलं, वर चोथा तरंगला. तो कप हातात घेऊन स्वयंपाकघरातून ओट्यापर्यंत यायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू! सासूचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे पाहिलंच नाही. आख्खी गल्ली दाराशी उभी.

त्यानं एक घोट घेतला आणि तोंड असं केलं, की भाभी म्हणाली, "अम्मा, क्या पिला दिया साब को? नजर उतारो उनकी!"

"पाणी द्या," तो म्हणाला.

घागर माझ्या हाताशीच होती. पण मी हातपंपाकडे बोट दाखवलं. "आधी त्याच्यात बुडव तुयी कांडी. लाल होऊ दे. मंग पी."

तो पंपाशी गेला, कांडी बुडवली, फोन लाल झाला. आणि बाप्पा, टाळ्या पडल्या! आपलं पाणी खराब निघालं म्हणून टाळ्या वाजवणारं गाव तुम्ही पाहिलं नसेल. मग मी त्याला दोन ग्लास गोडं पाजलं, वरून गोड्या पाण्याचा चहा.

सुनेच्या मनगटावर त्यानं स्वतः घड्याळ बांधलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "कपाटात नाही ठेवायचं." तिसऱ्या दिवशी तपासायलाही आला. फोनवर नकाशा उघडून ओट्यावर ठेवला. आमच्या घरापासून विहिरीपर्यंत एक रेघ होती. बारीक नाही, जाड. रोज चार खेपा म्हटल्यावर रेघेवर रेघ चढून सुतळीसारखी झालेली. आणि मधोमध एक गाठ.

"इथं काय आहे?" त्यानं सुनेला विचारलं.

"बाभूळ."

"प्रत्येक खेपेला इथं का थांबता?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बसतो जराक. दम लागते."

इतके महिने ज्याला मी गप्पा म्हणत होते, ती ही गाठ.

तो उठता उठता सांगून गेला, "अजून चार दिवस खेपा कमी करू नका. रेघ बारीक झाली तर फाइल अडकेल." म्हणजे बघा, मी खोटं बोलले तेव्हाही तिनंच चालायचं, आणि आता खरं सांगायचं तरी तिनंच चालायचं, सातव्या महिन्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं.

"आई, कपाटात नोका ठेवू," ती घाबरून म्हणाली.

"नाही ठेवत," म्हटलं, आणि ते माझ्या मनगटावर बांधलं. घड्याळ पाय मोजतं. कोणाचे, ते कुठं विचारतं? हंडा उचलला आणि निघाले. चार दिवस, चार खेपा. हंडा लहान घेतला, ते सांगते, खोटं कशाला बोलू. बाभळीखाली बसले तेव्हा कळलं, तिथून आमच्या घराचं दार दिसतं. म्हणजे मी दारात उभी राहून तिची वाट पाहत तोंडाचा पट्टा चालवत असे, ते तिला तिथून दिसत असणार.

शेवटच्या दिवशी तो आला, नकाशा उघडला. रेघ तशीच जाड. तो खूश झाला. मग गाठीपाशी थांबला, बोटांनी ती मोठी करून पाहिली. बाभळीपाशी चांगला बोराएवढा ठिपका झाला होता.

"ताई, या चार दिवसांत तुम्ही फारच वेळ बसत होत्या. तब्येत बरी आहे ना?"

सुनेनं तोंडाला पदर लावला. मी गुडघे चोळत होते, ते पटकन लुगड्याखाली घेतले.

"लिहून घ्या," ती म्हणाली, "तिथं बसल्याशिवाय जमतच नाही."

त्यानं लिहून घेतलं. पुढच्या यादीत आमचं नाव आलं. नळ आला तेव्हा नातू ओटा उतरून चालत नळापर्यंत गेला, यावरून किती दिवस लागले ते तुम्हीच समजा.