गाईला एस, नवऱ्याला नाही

चार बायका रोज दुपारी एका ओट्यावर बसल्या की किस्से आपोआप साठतात. त्यात त्या इंग्रजी शिकायला बसल्या असतील तर विचारूच नका.

आम्ही निलंग्यातल्या एकाच गल्लीतल्या. शिकवणारी प्रज्ञाताई, बीए झालेली. शिकणाऱ्या शेवंताकाकू, शबानाभाभी अन मी, सातवी पास. माझ्या परीला इंग्रजी शाळेत पहिलीत घालायचं होतं, अन तिथल्या मॅडम म्हणे आईलाही इंग्रजीत बोलायला लावतात. माझ्यामुळं पोरीची ॲडमिशन हुकली तर? या धास्तीनं माझ्या भाकरी करपायला लागल्या. शेवटी परीला मांडीवर घेऊन मी ताईकडं जाऊन बसले. काकू अन भाभी मला धीर द्यायला आल्या अन माझ्यापेक्षा जास्त रमल्या.

*

पहिल्याच दिवशी ताईनं सांगितलं, करणारा एकटा असला की क्रियापदाला एस लावायचा, जास्त असले की नाही. "म्हणा, माय हजबंड गोज."

काकू म्हणल्या, "माय हजबंड गो."

"काकू, काका एकटेच हायत ना? एस लावा."

"एकटे असले म्हणून काय झालं? त्यांना एकेरीत बोलू व्हय?"

"इंग्रजीत अहो-जाहो नसतं, काकू."

"मग असली भाषा कशाला शिकवायलीस आम्हाला?"

*

काकूंकडं देवणी गाय आहे. तिला एस लावायला काकूंची हरकत नव्हती. धार काढताना त्यांचं पाठांतर चालायचं, "माय काऊ ईट्स. माय हजबंड ईट."

काका बाजेवर बसून ऐकत होते. "गाईला शेवटी कायतरी लावायलीस. मला का न्हाई?"

"तुमचा मान ठेवायले."

काकांनी एकदा गाईकडं बघितलं. मग म्हणले, "गाईला हाय तर मला बी लाव."

दुसऱ्या दिवसापासून काकांना एस लागला.

*

एकदा ताईनं फळ्यावर लिहिलं, "माय फॅमिली लिव्हज इन निलंगा."

शबानाभाभी म्हणल्या, "फॅमिलीत तर लई लोक असतात. मग एस कसा?"

"सगळे मिळून एकच, भाभी."

"आमच्यात तीन चुली हायत."

"तरी एकच."

भाभी फळ्याकडं बघत राहिल्या. "ताई, जरा घरी येऊन हे माझ्या जावांना सांगता का?"

*

आमचे हे टेम्पो चालवतात. मी रात्रंदिवस घोकायला लागले तसे ते चिडले. "एवढं काय भ्यायचं? मॅडम काय वाघ हाय का?"

"मग तुम्हीच बोला की मॅडमशी."

ते उठले अन टेम्पो धुवायला गेले. टेम्पो सकाळीच धुतला होता.

*

शाळेत ॲडमिशनला जायचा दिवस आला. मॅडमनी इंग्रजीत मला काय विचारलं ते आजही सांगता येणार नाही. माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. मॅडम परीकडं वळल्या. आई काय करते, असं तिला इंग्रजीत विचारलं.

'कुक्स' म्हणायचं, हे मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

परी म्हणली, "माय मदर... भिते."

मॅडमही मराठीत आल्या. "कुणाला?"

परीनं बोट उचललं अन थेट त्यांच्याकडं केलं. "तुम्हाला."

मी डोळे मिटून घेतले.

"अन तू?"

"मी न्हाई भीत. मी तिला घेऊन आलेय."

मॅडमनी ड्रॉवर उघडून ॲडमिशनचा फॉर्म काढला, अन तो माझ्याकडं न देता परीच्या हातात दिला.