वीबकेचा खालचा सूर

वीबके यान्सेन समुद्राच्या बांधाखालच्या गावातली. बाप कोळंबी धरायचा, आई बाजारात ती ओरडून विकायची. पोरीचा गळा तिथूनच आला. हॅम्बुर्गला शिकून ती वेझर नदीकाठच्या एका लहान शहराच्या ऑपेरात नोकरीला लागली आणि तेव्हापासून राजकन्या, लाजऱ्या नवऱ्या, चुरचुरीत मोलकरणी गात आली.

एका थिएटरात पंधरा वर्षं भरली की गायकाला काढता येत नाही. म्हणून नको असलेल्याला चौदाव्या वर्षीच, ऑक्टोबर सरायच्या आत, नारळ देतात. वीबकेचं चौदावं चालू होतं, आणि नेमका त्याच साली तिचा वरचा सूर फाटायला लागला.

तालमीला पियानो वाजवणाऱ्या डेटलेफला ते कधीच कळलं होतं.

"आज पण सर्दी का?"

"हो."

"उन्हाळ्यापासून एकच सर्दी. म्हशीचीसुद्धा एवढी टिकत नाही बाई."

आईला तिनं फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग खालनं गा की. म्या काय वरच्या पट्टीत वरडत हुते व्हय? बेंबीच्या देठापासनं हाक मारली की पार धक्क्यापातुर जायाची."

"अगं, ऑपेरा आहे तो. कोळंबी नाही."

"इकायाची दोन्हीबी हायती."

ऑक्टोबरात, प्रयोगाच्या दिवशी सकाळी, चेटकिणीचं खालच्या पट्टीतलं काम करणाऱ्या झ्डेंकाचा आवाज बसला. वादळानं गाड्या बंद, बाहेरून कुणी येणं शक्य नव्हतं. अशा वेळी आजारी बाई रंगमंचावर नुसते ओठ हलवते आणि दुसरी कडेला उभी राहून तिचं गाणं गाते. डेटलेफनं परस्पर वीबकेचं नाव देऊन टाकलं.

"माझी नोकरी घालवायला निघालास का रे मेल्या?" ती म्हणाली. खालच्या पट्टीत एकदा गायली की राजकन्या संपली, हे साऱ्या गावाला कळणार होतं. पण नाही म्हटलं तर प्रयोगच बंद.

ती काळा झगा घालून कडेला उभी राहिली. पहिल्या ओळीलाच छातीतून असा जाड, उबदार सूर निघाला की वादकांनी माना वर केल्या. झ्डेंका तर ओठ हलवायचंच विसरली.

दुसऱ्या दिवशी संचालिका बोर्नेमानबाईंनी बोलावलं. वीबकेनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "वरचे सूर गेलेत. सर्दी खोटी होती."

"ठाऊक होतं," बोर्नेमानबाई म्हणाल्या. "तुम्हाला काढायचं ठरतच आलं होतं, यान्सेनबाई. राजकन्या काय, दारात रांग लावून उभ्या असतात. चेटकीण मिळत नाही हो. झ्डेंका उन्हाळ्यात निवृत्त होतेय. तिची कामं घेता?"

वीबके मग खुर्चीत बसली. "घेते," ती म्हणाली.

दुपारी कँटीनमध्ये तिनं हेरिंग मासे आणि बटाट्यांची अख्खी थाळी साफ केली. कित्येक दिवसांनी घास नीट खाली उतरत होता. डेटलेफ समोर येऊन बसला.

"तुझ्याशी मी बोलत नाहीये," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटातली आंबवलेली काकडी उचलून खाऊ लागली.