शेवटच्या शाळेनं तक्ता लावायचा

नाना गेल्याचं मला अमळनेरच्या एसटी स्टँडवर कळलं. ओळखीच्या एका गुरुजींनी बसच्या खिडकीतून वाकून, परिपत्रक आल्यासारखं सांगितलं आणि बस निघून गेली. मी बाकावर बसून राहिले. रडू आलं नाही. आधी राग आला, मग त्या रागाची लाज वाटली... या माणसानं मला दोन वर्षं अडकवून ठेवलं होतं, आणि आता भांडायलाही तो उरला नव्हता.

नाना म्हणजे आमचे शिक्षण विस्तार अधिकारी. नव्वद सालच्या आसपास मी पिंपळनेरच्या पलीकडे एका डोंगरगावात जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे तीन वर्षांची मुलगी अमळनेरला माझ्या आईकडे. महिन्यातून एकदा तिचं तोंड दिसायचं, तेही बस चुकली नाही तर. बदलीचा अर्ज दरवर्षी करायचा आणि दरवर्षी एकच उत्तर यायचं: आधी निकाल सुधारा. फेब्रुवारीत सगळ्या शाळांच्या सातवीची एकच परीक्षा होई. तिच्यावरून नाना शाळांचा तुलनात्मक तक्ता करत. पहिली शाळा वर, शेवटची तळाला. तो तक्ता पंचायत समितीच्या भिंतीवर डकवायचा मान शेवटच्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा. ही रीत कुणी पाडली कोण जाणे, नानांच्या आधीपासूनची होती. सलग तीन वर्षं मी घरून वाटीत तक्ता डकवायची खळ शिजवून नेली. तिसऱ्या वर्षी तर निकाल लागायच्या आधीच शिजवली.

आमचा निकाल सुधारणार कसा? दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत. पोरं पटावर आणि परीक्षेला गैरहजर, म्हणजे निकालात नापास. चौथ्या वर्षी मी जानेवारीत लाल शाईचा पेन घेतला आणि सातवीतल्या सात जणांपुढे लिहिलं, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. इतर शाळाही हेच करत, मीच मेली शहाणी राहिले होते. उरलेली सगळी पोरं पास झाली. आम्ही तळातून एकदम पाचव्या नंबरावर! बदलीच्या शिफारशीत माझं नाव आल्याचं कळलं, तेव्हा मी मुलीसाठी फ्रॉक घेऊन ठेवला.

तक्ता लागायच्या दोन दिवस आधी नाना मोटारसायकलवरून शाळेत आले. उंच, किडकिडीत माणूस, बोलायला सुरुवात करण्याआधी चष्मा पुसायची सवय. हजेरीपट उघडून त्यांनी नावं मोठ्यानं वाचायला घेतली. लाल शाईपाशी थांबले. पायरीवर एक म्हातारे आबा बसले होते. त्यांची नात सुमी त्या सातांतली. नानांनी त्यांनाच अहिराणीत विचारलं, “आबा, ह्या पोरे कोठे गयात?”

“ऊस तोडाले. होळीले बठ्ठा येतीन,” आबा म्हणाले. बठ्ठा, म्हणजे सगळी. “शाळा कोठे पळी जाई?”

नानांनी चष्मा पुसला. “बाई, नावं परत लिहा.”

“नाना, माझी मुलगी माझ्या आईला आई म्हणते.”

त्यांनी हजेरीपट माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, “माझाही धुळ्याला बदलीचा अर्ज पडून आहे. सहा वर्षं झाली... होळीला ही पोरं आली आणि पटावर नसली, तर त्यांना कुठं बसवाल?”

मी नावं लिहिली. अक्षर वाईट आलं. सात नापास वाढले, शाळा पुन्हा तळाला, शिफारस रद्द. तक्त्यात परत आलेल्या पोरांसाठी ‘होळीनंतर’ असा एक रकाना घालायची परवानगी नानांनी वर मागितली होती म्हणे, ‘नमुन्यात बसत नाही’ म्हणून ती नाकारली गेली. त्या वर्षी मी खळ लावत असताना कागदाचं दुसरं टोक नानांनी धरलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढची दोन वर्षं कामापुरतंच बोलले. बदली होऊन घरी पोचले त्या दिवशी मुलगी दारात उभी होती. गल्लीतल्या सगळ्यांचं ऐकून तीही मला ‘बाई’ म्हणाली. तो फ्रॉक तिला केव्हाच तोकडा झाला होता.

परवा धुळ्याला त्यांच्या घरी भेटायला गेले. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कपाटावरून कागदाची गुंडाळी काढून दिली. “तुम्हाला द्यायचं म्हणायचे. मग म्हणायचे, बाई रागावलेल्या आहेत.” तोच तक्ता. भिंतीवरून सोलून काढलेला, पाठीवर वाळलेल्या खळीच्या पापुद्र्यासकट. तळाला माझी शाळा, आणि तिच्यापुढे समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात: ‘होळीनंतर – सात’.

होळीनंतर सातही आले होते, हे खरं. पण मी ते नानांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीच कुणाला तरी विचारलं असणार... मला माहीत नाही. मी त्यांना पूर्ण माफ केलंय का, तेही माहीत नाही.

मुलगी आता स्वतः सातवीत आहे. तिनं तक्ता जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली आणि बोट खाली आणलं. “आई, तुझी शाळा शेवटची?”

“हो.”

“आणि हे सात कोण?”

मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिला सातही नावं सांगितली, हजेरीच्या क्रमानं.