मास्तरांची आतली शिलाई

गल्लीत बातमी पसरली ती अशी, की टेलर मास्तरांना त्यांच्या बायकोनं कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं आणि स्वतः समोर खुर्ची टाकून चहा पीत बसली. यातला चहा तेवढा खरा. कोंडलं मात्र तिनं नाही. मास्तरांनी स्वतःच्याच हातानं, तारेचे बारीक टाके घालत, स्वतःला आत शिवून घेतलं होतं.

दुकान बंद करून वर्ष झालं, तरी मास्तरांच्या गळ्यातली टेप काही उतरली नव्हती. घरात मापं घ्यायला उरली होती फक्त बायको, आणि ती उभी राहायची नाही. तिचं सगळं लक्ष परसात: चार कोंबड्या आणि दोन वाफे पालक. कोंबड्या पालक उकरायच्या, आणि मुंगूस कोंबड्यांवर टपलेलं. "एकदाची जाळी आणा हो!" हे तिनं इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी मास्तर मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

मेहुण्यानं दोन जाळ्या पुढ्यात टाकल्या. एक षटकोनी भोकांची, मऊ. दुसरी बारीक चौकटींची, वेल्डिंगची, ताठ. मास्तरांनी मऊ जाळी चिमटीत धरून चुरगाळून पाहिली.

"हिचा पन्हा किती?"

"दाजी, कापड नव्हे हे. ही कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही ठेवत. ही अर्ध्या इंचाची न्या."

"हिला फॉलच नाही, ताठच्या ताठ उभी राहते."

"मुंगूस काय फॉल बघून येतंय?"

मास्तरांनी फॉलवाली नेली आणि खुराड्याला लावली. आठव्या दिवशी मुंगूस त्या ऐसपैस भोकातून आरामात आत शिरलं, आणि सकाळी पांढऱ्या कोंबडीची नुसती पिसं राहिली.  बायकोनं ती जाळी उपटली, पालकाच्या वाफ्याभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "इथं पडू दे तिचा फॉल छान."

आता प्रश्न तांबडीचा होता. तांबडी खुडुक होऊन अकरा अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघायला पाच दिवस उरले होते, आणि तेवढे दिवस ती जागची हलणार नव्हती. मास्तर मुकाट्यानं ताठ जाळी घेऊन आले. या वेळी चूक होणार नाही, असं त्यांनी टेपेवर हात ठेवून सांगितलं.

काम खरंच देखणं झालं. पण चाळीस वर्षांची सवय: शिवायचं ते उलट्या बाजूनं, शिलाई आत, दुमड आत. म्हणून मास्तर आत उभे राहिले, चारही कोपरे तारेनं शिवले, खालची वीतभर जाळी आतल्या बाजूला दुमडून मातीत दाबली, वरचं छप्परही ओवलं. मग घाम पुसून वळले, तर दार नाही. पक्कड बाहेर.

"अगं, ती पक्कड दे."

"कुठून देऊ? अर्ध्या इंचाच्या भोकातून?" असं म्हणून ती चहा घेऊन बसली. मेहुणा कटर घेऊन येईपर्यंत अर्धी गल्ली जमली होती. जिथून मास्तर बाहेर पडले, तिथंच पुढे खुराड्याचं दार झालं.

जाता जाता मेहुणा खाली वाकला. "दाजी, दुमड आत घेतलीत? बाहेर पसरा, चांगली हातभर. प्राणी जाळीच्या पायथ्याशीच उकरतो. तिथं जाळी लागली की त्याला पुढं सुचत नाही."

"काठ बाहेर? लोक काय म्हणतील?"

"आता अजून काय म्हणायचं राहिलंय?" बायको म्हणाली.

"आजवर या हातानं शिवलेलं उसवलं नाही!" मास्तर फणकारले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं त्यांना हाताला धरून परसात नेलं. जाळीच्या पायथ्याशी ताजं बीळ होतं. आतल्या दुमडीच्या खालून सरकत ते तांबडीपासून जेमतेम वीतभरावर येऊन थांबलं होतं. तांबडी पिसं फुलवून, डोळे वटारून जागच्या जागी बसलेली.

"आणखी एक वीत," बायको म्हणाली. "माप तुम्हीच घ्या."

मास्तरांनी माप घेतलं नाही. पक्कड घेतली. अर्धा दिवस गुडघ्यांवर बसून एकेक टाका उसवला, बीळ दगडांनी बुजवलं आणि तारांची टोकं मोडून, हातभर जाळी जोडून, काठ बाहेर पसरला. पुढचे तीन दिवस मुंगूस येऊन त्या काठावर ओरखडे काढून गेलं. पाचव्या दिवशी तांबडीच्या पोटाखालून नऊ पिल्लं निघाली.

ती बघायच्या निमित्तानं शेजारी कुंपणावर रेलले. "काय मास्तर, काठ बाहेर लोंबतोय की! हात चुकला वाटतं?"

मास्तरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "गिऱ्हाईक बघून शिवतो मी. तुमच्या विजारीचा काठ आत घेतला, कारण तुम्ही आत होता. हे गिऱ्हाईक बाहेर आहे."