मांडीवरचा मिलिटरी ट्रक

पोखर्णीहून परभणीला येणाऱ्या बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर वीतभर लांबीचा मिलिटरीचा ट्रक होता. मोबाईलवर लढाईचा सिनेमा पाहून तिनं तो घरीच केला होता. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा सांगाडा, जुन्या चपलेच्या रबराची चाकं आणि आरशाच्या जागी चमकती टिकली. बस खड्ड्यात आदळली की ती ट्रकभोवती ओंजळ धरायची.

"लेकरासाठी का, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई. माझ्यासाठी."

लोक हसले. पुढच्या सीटवरच्या, तिच्याच गावच्या म्हाताऱ्यानं न विचारता ट्रक उचलला आणि चाकं गरागरा फिरवली. टिकली निखळून खाली पडली. "तुला काय करायचाय? माझ्या नातवाला होईल."

"देऊन टाक की बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात मीच पहिली बी.ए. झाले, तेव्हाही लोक म्हणाले होते, बरं झालं, उद्या लेकरांचा अभ्यास तरी घेशील. बाईनं काही केलं की ते लेकराचंच कसं होतं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुमी रोज पारावर पत्ते कुटता, ते नातवासाठी कुटता का?"

कंडक्टर खो खो हसला. म्हाताऱ्यानं ट्रक परत दिला आणि पुटपुटला, "लय तोंडाळ हाय."

"असू द्या," मी म्हणाले. "तुम्ही आधी उत्तर द्या."

परभणी येईपर्यंत आम्ही दोघी सीटखाली वाकून ट्रकचा आरसा शोधत होतो.