अप्पांच्या मापाची रायफल

माझ्या चुलतसासऱ्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

लातूरला मुलगी बघायला गेलो होतो. कार्यक्रम दुपारचा, पण आम्ही नांदेडहून सकाळीच येऊन टेकलो, कारण माझ्या वडिलांचा एसटीच्या वेळापत्रकावर कधीच विश्वास नव्हता. मुलीचे काका पलीकडच्या डाळ मिलमध्ये आहेत, तोवर तिकडे बसा, असं कुणीतरी सुचवलं. मी एकटाच पुढे गेलो. गोदामात शिरतो तर तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर एक धिप्पाड माणूस पालथा पडलेला. हात पुढे ताणलेले, गाल एका लाकडी फळीवर, एक डोळा मिटलेला, एक उघडा. हाका मारल्या. हूं नाही की चूं नाही. झटका आला असणार अशी माझी खात्रीच पटली. कोपऱ्यात माठ होता, माठावर तांब्या होता. पुढचं सांगितलंच आहे.

त्या माणसाने दचकूनसुद्धा बघितलं नाही. आधी छातीत उरलेला श्वास सोडला, मग फळी शेजारी ठेवली, मग मिशांवरचं पाणी निथळू दिलं आणि विचारलं, “नांदेडचे पाव्हणे का?”

“हो.”

“मुलाकडले, का सोता मुलगा?”

“स्वतःच.”

“बरं झालं. वडलांनी ओतलं असतं तर मला पाया पडावं लागलं असतं.”

दुपारी घरात सगळ्यांसमोर त्यांनी निकाल दिला. “पोरगं चांगलं हाय. माणूस मरून राहिला म्हणल्यावर पळालं न्हाई, पाणी शोधलं.” या एका शिफारशीवर माझं लग्न ठरलं. माझ्याजवळ दुसरी काही शिफारस नव्हतीच.

हे महालिंगअप्पा. उमाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, सख्खे काका. पक्के लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळावर विभूती, दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन. घरात अंड्याचा विषय निघाला तरी खिडकी उघडणारे. आणि या माणसाला वेड कसलं, तर नेमबाजीचं. कॉलेजात असताना एनसीसीत कुणीतरी त्यांना पालथं पाडून हातात बंदूक दिली, ते पुन्हा मनाने कधी उठलेच नाहीत. राज्याच्या स्पर्धांना बरीच वर्षं गेले, पदकंही आणली, पण सगळी दुसऱ्याच्या रायफलीवर. कुणी आडून विचारलं की अप्पा, आपल्यात हे कसं चालतं, तर उत्तर ठरलेलं असे. “मी कागद मारतो. कागदाला आई नसती.”

त्यांना खेळाडू म्हणून पुण्याला राहायचं होतं. पण वडील अचानक गेले आणि मिल गळ्यात आली. लिंग धारण करायचं असतं तशी त्यांनी ती धारण केली, काढून ठेवायची सोय नव्हती. सकाळी पट्टा फिरायला लागला की संध्याकाळपर्यंत अंगात घरघर. “गोळीचा आवाज एकदाच होतो जावई,” ते मला म्हणत, “मिलचा दिवसभर होतो. आता सांगा, खतरनाक कोण?” दुपारी मिलमधली माणसं भाकरी खायला बसली की अप्पा पोत्यांवर पालथे पडून फळीने नेम धरायचे. समोरच्या भिंतीवर चुन्याचा ठिपका होता. गोदामाला रंग दिला तरी त्या ठिपक्याला ब्रश लावायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचं एक वाक्य आमच्या घराण्यात म्हणीसारखं झालं आहे. “अर्धा श्वास सोडायचा, अर्धा ठिवायचा. समदा सोडला की माणूस ढिला पडतो, समदा ठिवला की छाती नाचती.” हे त्यांनी नेमबाजीबद्दल शोधलं, पण वापरलं सगळीकडे. तुरीचा भाव करताना, पुरणपोळीला नाही म्हणताना, आणि आमच्या लग्नात, मी अंतरपाटासमोर घामाघूम उभा असताना माझ्या कानात. मी त्या गडबडीत सगळाच श्वास ठेवला आणि फोटोत फुगलेला आलो. तो फोटो अजून भिंतीवर आहे.

साठी उलटल्यावर मुलगा बसवराज मिलमध्ये बसायला लागला, तेव्हा अप्पांनी आयुष्यातली एकुलती चैन केली. तीनशे मीटरवरच्या कागदासाठी स्वतःच्या मापाची रायफल बनवून घ्यायची. जर्मनीतला एक कारागीर अशा रायफली एकेका माणसासाठी घडवतो, असं त्यांना पुण्याच्या रेंजवर कळलं होतं. माप घ्यायला त्यांनी मला बोलावलं. का, तर “बसवराज हसतो, तुम्ही घाबरता. घाबरणारा माप नीट घेतो.”

मी शिंप्याची टेप घेऊन पोत्यांवर गुडघे टेकले. कोपरापासून बोटापर्यंत, मानेपासून खांद्यापर्यंत, गालाच्या हाडापासून खालच्या पोत्यापर्यंत. पालथं पडल्यावर लिंगाची डबी छातीखाली येई आणि अप्पा किंचित डावीकडे कलत. आजवर प्रत्येक प्रशिक्षकाने त्यांना ते “लॉकेट” काढायला सांगितलं होतं आणि प्रत्येकाला त्यांनी नमस्कार करून नकार दिला होता. त्या कलण्यासकट माप गेलं. कारागिराने मेलवर विचारलं, छातीखाली हा उंचवटा कसला? अप्पा म्हणाले, “लिवा, देव हाय.” मी लिहिलं. त्या भल्या माणसाने पुढे काही विचारलं नाही, देवाला जागा सोडून आराखडा पाठवला.

घोटाळा पुढे झाला. गाल टेकायची पट्टी आणि खांद्याला लागणारी बाजू वरखाली करता येईल असे स्क्रू त्याने आराखड्यात दाखवले होते. अप्पांनी मान हलवली.

“स्क्रू नको. जन्मभर मिलचे नटबोल्ट आवळून राहिलो. हिला एक बी नको. अखंड लाकूड, माझ्या मापाचं, पक्कं.”

कारागिराने पुन्हा पुन्हा कळवलं की शरीर बदलतं, सोय असू द्या. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. अप्पांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. “त्यांच्याकडलं बदलत असंल. हे लातूरचं हाय, तुरीवर वाढलेलं.”

रायफल तिकडे तयार झाली, पण इकडे परवानगी, शिफारस, सही, शिक्का या वाटेने येताना तिला फार दिवस लागले. दरम्यान अप्पांची साखर वाढली, पायाची जखम चिघळली, दवाखान्याची एक मोठी वारी झाली. अंग हळूहळू उतरत गेलं. आम्हाला दिसत होतं. पण उतरणाऱ्या माणसाला तू उतरलास असं सांगणारी जीभ आमच्यात कुणाकडे नव्हती. शर्ट ढगळ झाले तेव्हा अप्पा म्हणाले, “आजकाल शिंपी कापड लई सोडून राहिले.”

ताबा नांदेडच्या परवानाधारक दुकानात मिळायचा होता. अप्पा आदल्या दिवशीच आमच्याकडे येऊन राहिले. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, नवा सदरा. उमाने दह्याची वाटी हातावर ठेवली. “काका, बंदूक आणायला चाललात का सून?”

“रायफल म्हण,” ते म्हणाले. “आन् सून परवडली. तिला एवढे कागद लागत न्हाईत.”

दुकान बोळासारखं. पेटी उघडली. अक्रोडाचं लाकूड, त्यावर पाण्यावर असतात तशा रेघा. अप्पांनी आधी हात धुवायला पाणी मागितलं. मग तळवा लाकडावर नुसता ठेवला. खरं म्हणजे पालथं पडून बघायला हवं होतं, पण त्या दुकानात मी आणि दुकानदार एकदम उभे राहिलो तरी तिसऱ्याला वळता येत नव्हतं. “घरी बघू,” अप्पा म्हणाले. “आता कुठं पळती ती?”

पळाली नाही. माझ्या गाडीत मागच्या सीटवर आडवी झोपून आली. लोह्याला चहाला थांबलो तर अप्पा खाली उतरेनात. मी चहा गाडीत नेऊन दिला. तेवढ्यात बसवराजचा फोन आला, की निवडणूक जाहीर झाली. मी म्हटलं, त्याचा आपल्याशी काय संबंध. अशी वाक्यं मी नेहमी योग्य वेळी बोलतो.

लातूरला पोचून नियमाप्रमाणे नोंद करायला ठाण्यात गेलो, तर शेख नावाचे हवालदार अगदी अदबीने म्हणाले, “अप्पा, आचारसंहिता लागली. आता इथंच जमा ठेवा. खेळाडूला सूट मिळती, अर्ज करा.” अर्ज केला. अर्ज समितीपुढे होता, आणि समिती निवडणुकीत होती. पेटी ठाण्याच्या खोलीत गेली, कुलूप लागलं. अप्पांनी लाकडावर एकदा हात ठेवला होता, तेवढाच ताबा.

त्यानंतर जे चाललं ते मी कुणाला सांगितलं तर थट्टा वाटते. एका निवडणुकीची शाई बोटावरून जाते न जाते तोच दुसरी. मधे थोडी फट मिळाली, रायफल सुटणार म्हणून आम्ही तयारी केली, तर अप्पाच दवाखान्यात अडकले. ते सुटून आले तोवर ती परत अडकली. शेवटी अप्पांनी ठाण्याशी सोयरीक केली. सोमवारी देवळातून निघून ते सरळ ठाण्यात जात. पिशवीत तेलाची बाटली आणि मऊ फडकं. शेख हवालदार पेटी बाहेर काढून समोर बसत, अप्पा पुसत, तेल देत, परत बंद करून हवाली करत. मी लातूरला असलो की मला बरोबर नेत. जेलात नातेवाइकाला भेटायला जावं तसं आम्ही बाकावर बसून राहायचो.

“काय गुन्हा केला वो तिनं?” अप्पा एकदा म्हणाले.

“अप्पा, तिनं कुठं केला,” शेख म्हणाले. “ज्यांनी केला ते मोकळे फिरतात. आत तेवढी हीच सापडती.”

मग उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. साखरेचंच. डॉक्टर म्हणाले, हा डोळा आता काही महिन्यांचा सोबती. अप्पांनी ते ऐकून अर्धा श्वास सोडला, अर्धा ठेवला. रस्त्यात म्हणाले, “जावई, डावा डोळा राहील म्हणतात. पर रायफल उजवी हाय.”

पुढच्या सोमवारी त्यांनी शेखना सरळच विचारलं. “हवालदार, बाहेर न्यायची न्हाई, गोळी न्हाई, काही न्हाई. एक डाव तिच्यासंगट पडू द्या.”

शेखनी आजूबाजूला बघितलं. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, पुन्हा केली, आणि स्वतःच पेटी घेऊन मागच्या अंगणात निघाले. जप्तीच्या मोटारसायकली बाजूला सारून त्यांनी पोतं अंथरलं. तीनशे मीटरची रायफल, आणि समोर हाकेच्या आत कुंपणाची भिंत. मी खडूने भिंतीवर ठिपका काढला. अप्पा माझा हात धरून गुडघ्यांवर आले आणि पालथे झाले.

आणि माप जुळलंच नाही. गाल पट्टीला पोचेना, खांद्याशी बोटभर पोकळी. डबी छातीखाली होती, पण कलायला छाती उरली नव्हती. त्यांनी मान पुढे नेली, मागे घेतली, कोपर सरकवलं. अखंड लाकूड, एकही स्क्रू नाही. ती ज्या माणसासाठी घडवली होती त्याची वाट बघत होती, आणि तो अप्पांच्यात कुठे सापडत नव्हता.

अप्पा म्हणाले, “तिची चूक न्हाई. ती बराबर मापाची हाय. मीच माझ्या मापाचा ऱ्हायलो न्हाई.”

शेखनी खिशातून रुमाल काढला, घडी घातली आणि गालाखाली ठेवली. खांद्याशी माझा रुमाल गेला. त्याला चहाचा डाग होता, त्याची मला तिथेही लाज वाटली. अप्पांचा गाल टेकला. त्यांनी रिकामा घोडा ओढला. टक् असा एवढासा आवाज आला.

आणि अप्पा हललेच नाहीत.

मी वाट बघितली. शेखनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, झाकण केव्हा काढलं ते मला आठवत नाही. तेवढ्यात पोत्यावरून आवाज आला, “जावई, पाणी वतू नका. श्वास सोडून राहिलो.”

आम्ही त्यांना उठवून बसवलं. शेखनी विचारलं, “कुठं लागली, अप्पा?”

“ते मला कुठं दिसतंय,” अप्पा म्हणाले. “पर सुटली चांगली.” आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

पावसाळा संपता संपता ते गेले. दुपारी, गोदामात, माणसं भाकरी खात असताना. पोत्यांवर पडलेले बघून कुणी हाक मारली नाही. अप्पांचं नेहमीचंच चाललं असेल असं सगळ्यांना वाटलं. रायफल अजून ठाण्यातच आहे. बसवराज ती विकायला बघतो, पण येणारा प्रत्येक जण गाल टेकवून बघतो आणि मान हलवतो.

आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. अप्पांनाही रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलं, भिंतीला पाठ, कपाळभर विभूती, हातात लिंग. तसंच बसलेलं नेलं आणि तसंच मातीत ठेवलं. शेख हवालदार साध्या कपड्यात आले होते.

नांदेडला परतताना लोहा मागे पडलं तरी उमा खिडकीबाहेरच बघत होती. मी म्हटलं, “शांत दिसत होते ना काका?”

“दिसत होते,” ती म्हणाली. “पण त्यांना कुठं सवय होती हो ताठ बसायची? अवघडले असतील.”