चुलीमागची भिंत

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. आंजीच्या आमच्या घराच्या ओसरीत बसलो होतो, मधात टोपलं. वांग्यात टाकायला सोले पाहिजे होते. मी किडका दाणा चांगल्यात टाकायचो अन् ती तो वेचून माझ्याच अंगावर फेकायची.

"डोळे हायेत का बटनं?" म्हणाली.

"बटनं असती तर तूच शिवली असती," मी म्हणालो.

पोरगा तेव्हा नवं स्वयंपाकघर बांधून देतो म्हणून मागं लागला होता. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "वटा करा, फरशी करा, काय करायचं ते करा. चुलीमागची भिंत तेवढी राहू द्या."

"काऊन? सोनं पुरलं हाये का तिथं?"

"सोनं असतं तर तुमच्या संग राह्यली असती का मी?"

दोघंही हसलो. दोन दिवसांनी चहा ठेवायला उठली अन् चुलीपाशी बसली, ती बसलीच. डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नसेल. तिला झाला नसेल. त्यानं मला विचारलं नाही.

त्या भिंतीचं एक होतं. दर दसऱ्याला आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, डवरा, शिलाईची मशीन, सगळ्याला हळदकुंकू लागायचं. ते झालं की ही चुलीमागच्या कोऱ्या भिंतीलाही पाच बोटं लावायची. माझी मायही लावायची. तिथं ना देव, ना फोटो. मी दरसाल विचारायचो, "तिथं कोण बसलं हाये वं?" ती म्हणायची, "आत्याबाई लावत होत्या, म्हणून मी लावते. तुमाले काय करायचं?" बायकांचं काही असेल, म्हणून मी सोडून द्यायचो.

वर्षश्राद्धाआधी पोरगा सिंदी मेघेहून मिस्त्री घेऊन आला. म्हणाला, "पाहुणे येतील, बाबा. धुराड्यात सैपाक करतील का?"

मी म्हणालो, "तुझी माय म्हणत होती, भिंत राहू द्या."

"आईनं टाइल्सचा रंग सांगितला असता तर ऐकलं असतं. भिंतीचं काय घेऊन बसले?"

त्याचंही बरोबर होतं. मेलेल्या माणसाचं ऐकायचं तर जित्यांनी राहायचं कुठं? मी ओसरीत जाऊन बसलो. तिच्या बोटांचे डाग भिंतीवर होते, धुरानं काळे पडलेले. ते मला पाहायचे नव्हते, पडताना तर नाहीच.

दुपारी पहारीचा आवाज बदलला. आत भिंत पोकळ निघाली. जुना कोनाडा होता, वरून चिणून गिलावा केलेला. त्यातून गोणपाटाचं लांबच लांब गाठोडं निघालं, सुतळीनं आवळलेलं. मिस्त्रीनं ते अंगणात आणून हलवलं तर आत काहीतरी खळखळलं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथं लपवलेली वस्तू म्हटली की माणसाला दुसरं काही सुचतच नाही. मिस्त्रीनं माझ्याकडं अशा मानानं पाहिलं की आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं. "बाबा, तुमी तर छुपे रुस्तम निघाले," म्हणाला. सुनेनं पदर नाकाला लावला. "मामाजी, या वयात?" मी सांगत होतो की मला त्यातलं काही माहीत नाही, पण दारू सापडल्यावर सगळेच असं म्हणतात.

कुंपणापलीकडून शेजारी पाहत होता. याचं अन् माझं शेत लागून आहे. धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून, आमचं जे वाजलं ते पोरं शाळेत असताना. दर नांगरणीला त्याचा नांगर वीतभर माझ्याकडं सरकायचा. तेव्हापासून बोलणं बंद. तो माझ्या घरात डोकावताना मी पाहिला अन् समजलो की आता गाव गोळा होणार.

सुतळी कापली. आत दोन रायफली निघाल्या. दस्ते वाळवीनं खाल्लेले, नळ्या गंजून लाल. खळखळलं ते डब्यातल्या काडतुसांनी, हिरवी पडलेली. मी लगेच ओळखल्या. आजोबाच्या होत्या, रानडुकरं हाकलायच्या. लहानपणी खांबाला टांगलेल्या पाहिल्या होत्या. मग एक दिवस दिसल्या नाहीत. माझा बाप म्हणाला होता, सरकारजमा झाल्या. बापानं सरकारलाही फसवलं अन् मलाही. सरकारला तरी जरा भीत असेल.

आमचं नवल संपायच्या आत पोलीस दारात. दोघं होते. पहिला म्हणाला, "बाबा, बाटल्या कुठं हायेत?" शेजाऱ्यानं खबर दिली होती. मी अंगणाकडं बोट दाखवलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"दारूच असती तर घडीभरात आटपलं असतं," तो म्हणाला. "हे आता लय लिखापढीचं झालं. चरख्याचा जिल्हा आपला, अन् तुमच्या चुलीमागं हे!"

पंचनाम्याला पंच पाहिजे होते. एक मिस्त्री झाला. दुसरा कोण, तर कुंपणापाशी उभा असलेला शेजारी. बाटल्या पाहायला आला होता, त्याला बंदुकीवर सही करावी लागली. पेन हातात घेऊन त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा नळीकडं.

पोलिसानं विचारलं, "घरात कोणाले माहीत होतं?"

"कोणालेच नाई," मी म्हणालो. पण तोंडातून निघाल्यावर माझ्याच डोक्यात किडा शिरला. हिला माहीत होतं का? दसऱ्याला आयुधांनाच हळदकुंकू लावतात. मग ती पाच बोटं कोणाला लावत होती? जिच्यासंग सारा जन्म काढला, तिनं मला सांगितलं नाही? बंदुका गेल्या, पोलीस गेले. हे माझ्याजवळच राहिलं.

संध्याकाळी बोरगाव मेघेला राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडलो अन् सगळ्या घरानं ऐकलं.

"निघाल्या का एकदाच्या?" बहीण म्हणाली.

"तुले बी माहीत होतं?"

"मायनं आमाले दोघींले सांगितलं होतं. मले अन् तुह्या बायकोले. ती नवी आली होती, पयल्या दसऱ्याले."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले?" ती हसली. "तुहं डोकं पोरपणापासूनच गरम. बापाचं अन् मायचं त्या एकाच गोष्टीवर एकमत होतं. तुह्या हाती बंदूक गेली असती तर धुऱ्यावर मुडदा पडला असता अन् तू जेलात. मायनं तुह्या बायकोले शपथ घातली होती. तिनं पाळली. तुह्यासारखी तोंडाळ नव्हती ते."

फोन ठेवला तेव्हा मला एक दुपार आठवली. शेजाऱ्याच्या नांगरानं त्या दिवशी हद्दीवर रोवलेली माझी मेढ उपटून टाकली होती. मी तणतणत घरी आलो अन् चुलीपुढं उभा राहून ओरडलो, "आज घरात बंदूक असती ना, तर दाखवलं असतं साल्याले." ती भाकर थापत होती. मागं तीच भिंत. तिनं मान वर केली नाही.

"हाये का घरात बंदूक?" म्हणाली.

"नाई."

"नाई ना? मंग हात धुवा. भाकर थंडी होऊन राह्यली."

मी हात धुतले होते अन् जेवलो होतो. चटणीत मीठ जास्त झालं म्हणून बोललोही होतो.

मला आता राग आला. खोटं कशाला लिहू, लय राग आला. एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवली अन् वरून हसत होती. तिच्याशी कडाडून भांडावं वाटलं. पण भांडायला घरात माणूस नव्हतं, अन् स्वयंपाकघरात भिंतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्याच्या फाटकापाशी गेलो. तो तोंडात कडुनिंबाची काडी धरून उभा होता.

"तू जिता हायेस ते माह्या बायकोपायी," मी म्हणालो.

तो थुंकला. "एवढ्या सकाळी हेच सांगाले आला?"

"हो."

"मी तर बाटल्याच सांगितल्या होत्या, बावा."

"माहीत हाये."

त्यानं काडी फेकली. "बस मंग. बायको चहा मांडते."

मी बसलो. चहा झाला. बशी उपडी ठेवून उठलो. येताना वाट वाकडी करून शेतात गेलो अन् धुऱ्यावरून आलो. तुरी भरल्या होत्या. काही त्याच्या बाजूला झुकलेल्या, काही माझ्या. हाताला लागल्या तशा दोन्हीकडच्या शेंगा तोडून धोतराच्या सोग्यात भरल्या. घरी येऊन ओसरीत टोपलं घेतलं अन् एकटाच सोलत बसलो. किडके दाणे वेगळे काढले. अंगावर कोणी फेकणार नव्हतं, तरी काढले.